८४ घोड्यांचे एवढे पैसे?

"तेवीस लाखांत ८४ हॉर्सपॉवर? मग आमची स्विफ्ट काय वाईट!"

गाडीवेड्यांच्या कुठल्याही बैठकीत केटरहॅम सेव्हन १७०चा विषय निघाला की हे वाक्य आलंच म्हणून समजा. ते ऐकून चारजण हसतात, पाचवा म्हणतो, "इंग्रज लोक येडे आहेत," आणि चर्चा थारवर किंवा फॉर्च्युनरवर सरकते. हसायला हरकत नाही. पण या एका वाक्यात गाड्यांबद्दलचा आपला सर्वांत मोठा गैरसमज बसलेला आहे, आणि तो कितीही वेळा खोडला तरी पुढच्या बैठकीत पुन्हा हजर असतो.

आधी गाडी काय आहे ते सांगतो. इंग्लंडच्या केंट परगण्यात डार्टफर्ड इथे केटरहॅमचा कारखाना आहे. २०२१ मध्ये त्यांनी ही 'सेव्हन १७०' आणली. दोन माणसांची, दरवाजे नसलेली, बुटकी, उघडी. इंजिन सुझुकीचं, तीन सिलेंडरचं, टर्बो लावलेलं, ६५८ सीसी. ताकद ८४ हॉर्सपॉवर. किंमत तेव्हा २२,९९० पौंडांपासून सुरू होत होती, म्हणजे त्या वेळच्या भावाने साधारण तेवीस लाख रुपये. आणि एवढ्या पैशांत गाडी सुट्या भागांत मिळते, जोडायची आपली आपण. कारखान्यातून जोडून हवी तर वेगळे पैसे. इथपर्यंत ऐकून हसणारे हसतात. त्यापुढचा आकडा मात्र कोणी विचारत नाही. वजन : ४४० किलो.

हॉर्सपॉवर हा आकडा एकटा असला की अपूर्णांकाचा नुसता अंश असतो. छेद म्हणजे वजन. इंजिनाला ताकद लावून ढकलायचं असतं ते गाडीचं वस्तुमान, आणि तेच ठाऊक नसेल तर ८४ काय आणि ३८४ काय, गाडी किती चपळ आहे हे कळणार नाही. हे शाळेच्या विज्ञानात शिकवतात. तरीही शोरूममध्ये आपण विचारतो ते "कितीचा पॉवर आहे?" आणि "ॲव्हरेज किती देते?" वजन किती, हे विचारणारं गिऱ्हाईक शोरूमवाल्यांना क्वचितच भेटत असेल.

आता स्विफ्टच घेऊ. युरोपात विकल्या जाणाऱ्या नव्या स्विफ्टचं इंजिन सुमारे ८१ हॉर्सपॉवरचं आहे, म्हणजे ताकदीला केटरहॅमच्या बरोबरीचं. वजन साडेनऊशे किलोच्या आसपास. कंपनीच्याच म्हणण्यानुसार ती शून्यापासून ताशी १०० किलोमीटरपर्यंत पोचायला साडेबारा सेकंद घेते. सेव्हन १७० ताशी ६० मैलांपर्यंत ६.९ सेकंदांत जाते. (६० मैल म्हणजे ९६.६ किलोमीटर, १०० नव्हे. ब्रिटिश आकडा उचलून बिनधास्त '० ते १००' म्हणून छापणाऱ्यांनी एवढी नोंद घ्यावी. पण शेवटचे साडेतीन किलोमीटर धरले तरी चित्र बदलत नाही.) दोन्हीकडे घोडे सारखेच आणि वेळ जवळजवळ निम्मा. हे इंजिनाचं कौतुक नाही. ओढायचं ओझं निम्मं आहे, एवढंच.

ड्रायव्हर बसवून हिशेब केला तर आणखी गंमत. ८० किलोचा माणूस धरा. केटरहॅम ५२० किलो होते आणि टनामागे तिच्याकडे सुमारे १६० हॉर्सपॉवर उरतात. स्विफ्टकडे ऐंशीच्या खाली. आणि ज्या फॉर्च्युनरकडे पाहून आपण रस्ता सोडतो, तिचं २.८ लिटरचं डिझेल इंजिन २०१ हॉर्सपॉवरचं, पण ड्रायव्हरसकट वजन सव्वादोन टनांच्या आसपास. म्हणजे टनामागे नव्वद. दोनशे घोड्यांचा रुबाब आहे, पण त्यातले बहुतेक घोडे गाडीलाच ओढण्यात खर्ची पडतात. त्या गाडीची कामं वेगळी आहेत आणि ती ती चोख करते, मान्य. पण 'परफॉर्मन्स' या शब्दाखाली तिची केटरहॅमशी तुलना करून वर हसायचं, हे काही पटत नाही.

हलकेपणाचा फायदा फक्त पिकअपपुरता नसतो, आणि इथेच बैठकीतले हुशारसुद्धा घसरतात. गाडी थांबवायची म्हणजे तिची गतिज ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णता करून उडवायची. ताशी १०० किलोमीटरला दर किलोमागे ही ऊर्जा सुमारे ३८६ ज्यूल असते. म्हणजे ५२० किलोच्या गाडीला दोन लाख ज्यूल, अडीच टनांच्या एसयूव्हीला साडेनऊ लाखांहून जास्त. जड गाडीला म्हणून मोठ्या डिस्क लागतात. मोठ्या डिस्क मावायला मोठी चाकं, मोठ्या चाकांना रुंद टायर, ते सगळं पेलायला दणकट सस्पेन्शन. यातली प्रत्येक वस्तू स्वतःचं वजन घेऊन येते, मग आणखी मोठं इंजिन लागतं. हलक्या गाडीत हेच चक्र उलटं फिरतं. सेव्हन १७०चे टायर पाहिलेत तर विश्वास बसणार नाही : १५५/६५, चाक १४ इंची. टायरच्या दुकानात हा आकडा सांगितला तर दुकानदार छोट्या हॅचबॅकचा टायर काढायला जाईल. मागे सरळ लाइव्ह ॲक्सल आहे, तोही सुझुकीचाच. पॉवर स्टीअरिंग नाही, कारण एवढ्याशा ओझ्याला त्याची गरजच पडत नाही. जे लागत नाही ते लावलेलं नाही, आणि किमतीतला मोठा भाग या 'न लावण्याच्या' विचाराचा आहे.

हा विचार आजचा नाही. लोटस कंपनीचा संस्थापक कॉलिन चॅपमन याने १९५७ मध्ये लोटस सेव्हन आणली तीच मुळात गरिबाची रेसगाडी म्हणून. त्या काळी ब्रिटनमध्ये तयार गाडीवर खरेदी कर लागे, सुट्या भागांवर लागत नसे. म्हणून सेव्हन सुटी विकली जायची. जोडणीची पुस्तिका दिली तर करसवलत जाईल, म्हणून लोटसने 'गाडी कशी सोडवावी' याची पुस्तिका दिली आणि गिऱ्हाइकाने ती उलटी वाचली, असा किस्सा तिकडे हमखास सांगितला जातो. १९७३ मध्ये खरेदी कर जाऊन व्हॅट आला, सुट्या भागांची ती सोय संपली, आणि त्याच वर्षी सेव्हनचे हक्क केटरहॅमकडे गेले. सेव्हन तेव्हापासून आजवर बनतेच आहे.

पुढे १९९६ मध्ये लोटसने एलिस आणली तेव्हाही असेच प्रश्न विचारता आले असते. इंजिन रोव्हरचं, ११८ हॉर्सपॉवरचं. पण ॲल्युमिनियमच्या पोकळ पट्ट्या चक्क डिंकाने, म्हणजे इपॉक्सीने, चिकटवून केलेली तिची चासी ७० किलोच्या आत होती आणि अख्खी गाडी सव्वासातशेच्या आसपास. ६० मैलांचा वेग सहा सेकंदांच्या आत. आज त्याच लोटसची एमिरा चौदाशे किलोंच्या घरात आहे. आणि २०२३ मध्ये कंपनी भारतात आली ती कुठली गाडी घेऊन? एलेट्रे. इलेक्ट्रिक एसयूव्ही, वजन अडीच टनांच्या आसपास. आपल्या आवडीनिवडी त्यांनी बरोबर ओळखल्या, एवढंच म्हणतो. आपल्याकडे गाडीची किंमत भंगारवाल्यासारखी काट्यावर टाकून ठरते : जितके किलो जास्त, तितका माल भारी.

आता किमतीचं. "त्या पैशात काय काय आलं असतं" ही यादी कोणत्याही गोष्टीची करता येते. केटरहॅम घेणारा माणूस वाहन विकत घेत नसतो. त्याच्या दारात दुसरी गाडी उभी असते. ही रविवारी सकाळी केंटच्या गल्लीबोळांतून आणि महिन्यातून एकदा ट्रॅकवर फिरवायला असते. त्या कामासाठी तिची स्पर्धा स्विफ्टशी नाही, तिच्या दुप्पट-तिप्पट किमतीच्या स्पोर्ट्सकारशी आहे, आणि त्या तुलनेत टायर, ब्रेक, पेट्रोल सगळंच तिचं स्वस्त पडतं. पुण्या-मुंबईच्या माणसाने मात्र तेवीस लाखांचा आकडा धरून बसू नये. आयात शुल्क, जीएसटी आणि नोंदणीच्या नियमांतून एवढी गाडी इथे आणायची म्हटली तर हा आकडा ओळखू येणार नाही. महाग म्हणायचंच असेल तर या कारणासाठी म्हणा. घोड्यांच्या संख्येवरून नको.

बाकीचे गैरसमज छोटे आहेत, पण चिवट.

"६६० सीसी? म्हणजे बुलेटवाल्यांची ६५०च की!" सीसी म्हणजे सिलेंडरचं आकारमान, ताकद नव्हे. एनफिल्डच्या ६५०चं इंजिन ४७ हॉर्सपॉवरचं आहे. सुझुकीचं जवळजवळ तेवढ्याच सीसीत टर्बोच्या जोरावर ८४ देतं. हे इंजिन निवडण्याचं कारणही साधं आहे : जपानच्या छोट्या गाड्यांच्या 'केई' वर्गाची मर्यादा ६६० सीसी आणि १.४८ मीटर रुंदीची. सेव्हन १७० अवघी १.४७ मीटर रुंद आहे, त्यामुळे तिकडे ती या वर्गाच्या सवलतींत बसते.

"जड गाडी रोड पकडते." हा तर घराघरांत आहे. टायरवरचं वजन वाढलं की पकड वाढते हे खरं, पण वजनाच्या प्रमाणात वाढत नाही, थोडी कमीच वाढते. आणि वळणावर आवरायचं वजन मात्र पुरेपूर वाढलेलं असतं. वरंधा किंवा आंबा घाटात जड गाडी बाहेर फेकली जाते ती यामुळेच. सरळ रस्त्यावर जड गाडी 'बसलेली' वाटते, ते बहुतेक वेळा लांब व्हीलबेस आणि सस्पेन्शनचं देणं असतं.

"हलकी म्हणजे पत्रा, म्हणजे जीवघेणी." अर्धं खरं. दोन गाड्या समोरासमोर धडकल्या तर हलकीतल्या माणसांना जास्त हादरा बसतो; हे भौतिकशास्त्र टळत नाही. पण नुसतं वजन तुम्हाला वाचवत नाही. २०१६ मध्ये गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅपने एअरबॅग नसलेली, चांगली वजनदार स्कॉर्पिओ आदळून पाहिली आणि तिला प्रौढांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे दिले. केटरहॅमबद्दल मात्र लपवालपवी नको : तिच्यात एअरबॅग नाहीत, एबीएस नाही. रोज ऑफिसला न्यायची ही गाडी नव्हे.

"हलकी गाडी सगळ्यांना मागे टाकते." हा चाहत्यांचा गैरसमज, आणि तो तितकाच चुकीचा. हवेला गाडीचं वजन कळत नाही. वेग वाढतो तशी हवा कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते, आणि उघडी चाकं, उभी काच असलेली सेव्हन हवेपुढे साफ हरते. तिचा सर्वाधिक वेग ताशी १६९ किलोमीटर; तिच्या दुप्पट वजनाची, तितक्याच ताकदीची युरोपातली स्विफ्टही १६५ गाठते. लांब सरळ रस्त्यावर केटरहॅमला हरवणं काही कठीण नाही. शिवाय ४४० हा आकडा एकट्या गाडीचा. ड्रायव्हरसारखाच एक मित्र शेजारी बसवला की टनामागचे १६० घोडे १४०वर येतात. मित्राचं वजन एवढं जाणवणारी गाडी दुसरी क्वचितच सापडेल.

"हलकेपणा स्वस्तात होतो." काढून टाकायचं असेल तोवर होतो. एसी, आराम, बारा सिलेंडर ठेवूनही हलकं करायचं असेल तर गाड्यांचे डिझायनर गॉर्डन मरे यांच्या टी.५०ची किंमत बघा : टनाच्या आतली गाडी, कार्बन फायबरची, अवघ्या १०० गाड्यांची मालिका, आणि करांआधी २३.६ लाख पौंड.

आणि "आपल्याकडे असलं कधी चालणार नाही" म्हणणाऱ्यांसाठी : नव्वदच्या दशकाच्या शेवटी गोव्यात सॅन स्टॉर्म नावाची दोन माणसांची, उघड्या टपाची गाडी बनत होती. फायबरग्लासची बॉडी, रेनॉचं १.२ लिटरचं इंजिन, ६० हॉर्सपॉवर. खप फारसा झाला नाही हे खरं. तेव्हाही लोकांनी घोडेच मोजले असणार.

तुमच्या गाडीच्या आरसी कार्डावर 'अनलेडन वेट' असा एक रकाना असतो. पुढच्या वेळी कोणाच्या गाडीला हसण्याआधी तो काढून वाचा, त्यात स्वतःचं वजन मिळवा आणि हॉर्सपॉवरला त्याने भागा.