लष्करातील बाजारपेठ

ग्वाल्हेरमध्ये आज ‘सिटी सेंटर’ म्हणून ओळखला जाणारा भाग ही नवी वसाहत आहे. शहराचे जुने हृदय लष्कर भागातील महाराज बाड्यापाशी आहे. ‘बाडा’ हा आपला ‘वाडा’च; हिंदी उच्चारात ‘व’चा ‘ब’ झाला, एवढेच. हा वाडा म्हणजे गोरखी. 1874 साली जयविलास प्रासाद उभा राहण्यापूर्वी शिंद्यांचे वास्तव्य येथे होते, आणि त्यांच्या घराण्याचे देवघर अजूनही येथेच आहे.

वाड्यासमोरील चौकास जयाजीराव शिंद्यांचे नाव आहे. नगरभवन, टपाल कचेरी, बँक, जुने सरकारी मुद्रणालय व व्हिक्टोरिया मार्केट या इमारती त्याच्या सभोवती आहेत. प्रत्येक इमारत निराळ्या देशाच्या शैलीची, असे वाटाडे मोठ्या कौतुकाने सांगतात. आम्हांस हे कौतुक थोडे उथळ वाटते. या स्थळाचे खरे वैशिष्ट्य इमारतींहून जुने आहे. ते रस्त्यांच्या आखणीत व नावांत दडलेले आहे.

दौलतराव शिंद्यांनी 1810 साली किल्ल्याच्या दक्षिणेस तळ दिला. तोवर त्यांचे सैन्य फिरते असे. इंग्रज वकिलाच्या रक्षक तुकडीचा अधिकारी ब्रॉटन 1809 साली या सैन्याबरोबर होता. त्याने लिहिलेली पत्रे 1813 साली प्रसिद्ध झाली. मुक्काम पडावयाचा असला म्हणजे प्रथम शिंद्यांच्या डेऱ्यांची जागा एका लहान पांढऱ्या निशाणाने दाखवीत, मग निरनिराळ्या बाजारांची निशाणे शक्य तितक्या सरळ रेषेत रोवीत, आणि त्यांच्या अनुरोधाने दुकाने लागून सैन्याच्या आघाडीपासून पिछाडीपर्यंत एकच सलग रस्ता तयार होई, असे तो सांगतो. धन्याच्या डेऱ्याजवळून जाणारी पेठ, आणि तिच्या आजूबाजूस सरदारांची पथके! महाराज बाड्याभोवती हिंडताना हेच चित्र दगडात गोठलेले दिसते. तोफखान्यास जिनसी म्हणत. ‘जिनसी नाला’ हे नाव लष्करात आजही आहे. दौलतगंज, पाटणकर बाजार, फाळके बाजार ही नावे तर स्वतःच बोलतात.

सर्वांत बोलके नाव मात्र ‘गोठ’ हे होय. ‘चिटणीस की गोठ’ ऐकताच मराठी पाहुण्यास गुरांचा गोठा आठवतो व तो हसतो. वस्तुतः हा आपला ‘गोट’, म्हणजे छावणीतील एकेका पथकाचा तळ. आपण तो शब्द आता ‘विरोधकांच्या गोटात’ अशा वाक्प्रयोगापुरताच ठेवला आहे. लष्करात मात्र पत्र टाकणाराही तो रोज वाचतो.

तंबूंच्या जागी घरे आली ती मात्र पुण्याच्या वळणाची नव्हेत. पुणेरी वाड्याचे वैभव आतल्या चौकात व सागवानी खांबांत असते. सराफ्यातील जुन्या घरांनी आपले वैभव रस्त्याकडे तोंड करून मांडले आहे. कोरीव सज्जे, महिरपी, जाळ्या, सारे ग्वाल्हेरी वालुकाश्मात! येथे लाकूडकाम नव्हे, दगड बोलतो. आणि तो घडविणारे हात स्थानिक परंपरेचे.

व्हिक्टोरिया मार्केट 2010 साली आगीत होरपळले. पुढे त्याची डागडुजी होऊन तेथे भूविज्ञानाचे संग्रहालय आले. इमारतीस असा कैवारी मिळू शकतो. गोठीची पाटी बदलावयास रंगाचा एक डबा पुरतो, आणि ती बदलली तर बाड्यापासून चार पावलांवर पथकाचा तळ होता, हे रस्ता पाहून कोणास कळणार?