कारंज्याचा दगड आणि चंद्रपूरचे पाणी

परसबागेत घरच्या घरी लहानसे कारंजे उभारण्याची हौस चंद्रपूर-गडचिरोलीकडील ज्या गृहस्थाला असेल, त्याने दगड, माती की सिमेंट याचा विचार करण्यापूर्वी आपल्या खिडकीतील कूलरपाशी क्षणभर उभे राहावे. एक उन्हाळा चाललेल्या कूलरच्या ताट्यांवर जो पांढुरका, खरखरीत थर साचलेला असतो, तो बोअरच्या पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा होय. वैशाखात पारा 47 अंशांच्या घरात गेला की पाणी झपाट्याने आटते आणि क्षार मागे राहतात. त्यामुळे रोज टाकी भरणारा मनुष्य वस्तुतः रोज चिमूटभर चुनाही भरीत असतो. कारंज्यावरही हेच बसणार, हे गृहीत धरूनच जिन्नस निवडावेत.

या मुलुखात दगडाचा तुटवडा नाही. ज्या चुनखडीच्या बळावर आवारपूर, गडचांदूर येथील सिमेंटचे कारखाने चालतात, तिची फरशी दिसायला नेटकी. पण तिच्यावरील थर काढण्यासाठी लिंबू किंवा व्हिनेगर चोळले, तर आम्ल थराबरोबर फरशीही खाते, कारण दोहोंचा मुख्य घटक एकच, कॅल्शियम कार्बोनेट. वैनगंगेकाठी मार्कंड्याच्या देवळांवर जे कोरीवकाम शतकानुशतके टिकून आहे ते वालुकाश्मावरचे खरे. परंतु देवळावरचे पावसाचे पाणी निथळून जाते, कारंज्यातील दगड मात्र अहोरात्र भिजत राहतो, आणि सच्छिद्र वालुकाश्म पाणी पिऊन शेवाळतो. काळा पाषाण घट्ट, सौम्य आम्लाला दाद न देणारा, म्हणून आमची पसंती त्याला. पांढरा थर त्याच्यावरच सर्वांत उठून दिसतो, हा त्याचा दोष सोसावा लागतो.

हा दगड खाणवाल्याकडून पावती घेऊन आणावा. ताडोब्याकडून परतताना नाल्यातला गुळगुळीत धोंडा गाडीत टाकणाऱ्या हौशी मंडळींना ठाऊक नसते की 1927 च्या भारतीय वन अधिनियमानुसार जंगलातून आणलेला दगडही वनोपजच ठरतो आणि त्याला परवाना लागतो.

बांबूच्या नळीतून पडणारे पाणी मोहक दिसते हे नाकारता येत नाही. मात्र आपल्या जंगलात मुबलक असणारा मानवेल बहुधा भरीव असतो. नळीला पोकळ, काटेरी कटांगच हवा, आणि त्याची पेरे तापवलेल्या सळईने आरपार फोडावी लागतात. एवढे करूनही ऊन-पाण्याच्या ओढाताणीत तो तडकतो, म्हणून बांबू कायमचा बसवू नये, सुटा ठेवून बदलत राहावा.

कुंडासाठी भाजकी माती उत्तम. औरंगाबादच्या पाणचक्कीपर्यंत डोंगरातले पाणी मातीच्याच नळांतून खेळवले होते, आणि भद्रावतीसारखे कुंभारकामाचे केंद्र तर आपल्या जिल्ह्यातच आहे. तथापि साधे मडके पाझरते. तो पाझर माठाचा गुण असला तरी कुंडाचा अवगुण ठरतो, कारण बाहेरील अंगावर क्षार फुलून लोणा लागतो आणि पापुद्रे सुटतात. आतून झिलई दिलेले भांडे घ्यावे. सिमेंटचे कुंड बांधलेच, तर नवे सिमेंट चुना सोडीत असल्यामुळे ते अनेकदा भरून रिकामे करावे, मगच त्यात मासे सोडावेत.

मासे म्हणजे गप्पी. ते डासांच्या अळ्या खातात, आणि हिवतापाचा उपद्रव गडचिरोलीकरांना नव्याने सांगायला नको. वाहत्या पाण्यात डास फारसे अंडी घालत नाहीत, पण वीज गेली की पंप थांबतो, आणि उन्हाळ्यात आठवडाभर साचलेले पाणी डासांची एक पिढी वाढवायला पुरे होते. यास्तव कुंडाच्या तळाशी बूच असलेले भोक बांधतानाच ठेवावे. गवंडी ते हमखास विसरतो. त्याला आधी बजावून सांगावे, कारण भाजलेल्या किंवा कडक झालेल्या कुंडाला मागाहून भोक पाडू गेल्यास तडा जाण्याचीच शक्यता अधिक.