पेशीच्या पायाखाली काय आहे?

पहिल्या दिवसाच्या चिकात दूध सढळ हाताने घालावं लागतं, नाहीतर खरवस रबरासारखा होतो. वाफ लागली की चिकातली प्रथिनं एकमेकांत गुंतून जाळं तयार होतं आणि पाणी त्यात अडकून बसतं. जाळं दाट तर वडी घट्ट, विरळ तर चमचा घ्यावा लागतो. हायड्रोजेल म्हणजे हेच. चिकाच्या जागी प्रयोगशाळेत एखादं बहुवारिक असतं, इतकंच.

2006 साली अमेरिकेत पेनसिल्वेनिया विद्यापीठातल्या ॲडम एंग्लर, डेनिस डिशर आणि सहकाऱ्यांनी पॉलिॲक्रिलामाइडची अशी मऊ-कडक जेल केली आणि त्यांवर माणसाच्या अस्थिमज्जेतल्या मूळपेशी, म्हणजे स्टेम सेल, सोडल्या. खुराक सगळ्यांना एकच. तरीही मेंदूइतक्या मऊ, जेमतेम 1 किलोपास्कलच्या जेलवर पेशींना चेतापेशींसारख्या फांद्या फुटल्या. दहाच्या आसपास त्या स्नायूपेशींसारख्या लांबोळ्या झाल्या. 25 ते 40 किलोपास्कलवर हाडाच्या वाटेला लागल्या. (या चमूतले शमिक सेन पुढे पवईच्या आयआयटीत प्राध्यापक झाले.)

पेशीला डोळे नाहीत, बोटं नाहीत. मग तिला कळतं कसं? ती ओढून पाहते. दाव्याला बांधलेलं जनावर हिसका देऊन खुंटा हलतो का बघतं, तसंच. खुंटा पक्का असेल तर पेशीच्या आतले तंतू ताणले जातात आणि तो ताण केंद्रकापर्यंत पोचतो. ओढणारं प्रथिन मायोसिन. औषधाने ते बंद पाडल्यावर पेशींना मऊ-कडक ओळखता येईना.

आता प्रयोगशाळेतली नेहमीची प्लॅस्टिकची बशी घ्या. मेंदूच्या तुलनेत ती लाखो पटींनी कडक. मूळपेशींचा स्वभाव म्हणून आपण इतकी वर्षं जे लिहून ठेवलं, त्यात त्या बशीचा स्वभाव किती, हा प्रश्न मला तरी टाळता येत नाही. कोलोरॅडो विद्यापीठात क्रिस्टी ॲन्सेथ यांच्या गटाने प्रकाश पडला की मऊ होणारं जेल बनवलं होतं. म्हणजे पेशी जागची न हलवता तिच्या पायाखालची जमीन बदलता येते. 2014 मध्ये त्यांनी दाखवलं, की एक दिवस कडक बशीत राहिलेली पेशी मऊ जेलवर आली की कडकपणा विसरते. दहा दिवस राहिलेली विसरत नाही. कडकपणाची वर्दी देणारं वायएपी नावाचं प्रथिन तिच्या केंद्रकात ठाण मांडून बसतं.

वाढवलेल्या पेशी सोडवून घेणं हे आणखी एक दुखणं. विकराने सोडवल्या तर त्यांचे एकमेकींशी असलेले धागेही तुटतात. टोकियोचे तेरुओ ओकानो यांनी बशीला एका बहुवारिकाचा अतिपातळ थर दिला. 37 अंशांवर पेशी त्याला चिकटतात; तापमान 32च्या खाली गेलं की थर पाणी पिऊन फुगतो आणि पेशींचा अख्खा पापुद्रा सायीसारखा सुटून येतो. जपानमध्ये चार रुग्णांच्या तोंडातल्या अस्तराच्या पेशी अशा वाढवून त्यांच्याच डोळ्यांच्या बुबुळावर बसवल्या गेल्या. 2004 साली त्याचा अहवाल आला. पापुद्रा बुबुळाला आपसूक चिकटला, टाके घालावे लागले नाहीत.