‘गहराई’तली पद्मिनी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

 ‘गहराई’ या हिंदी भयपटाच्या श्रेयनामावलीत रीटा भादुरी हे नाव दिसलं की आमच्या गावात कुणीतरी सांगतंच, ‘ही जया भादुरींची बहीण.’ जयाबाईंना रीटा नावाची बहीण आहे, पण त्या भोपाळचे अभिनेते राजीव वर्मा यांच्या पत्नी. पडद्यावरच्या रीटा भादुरी वेगळ्या. जयाबाईंसारख्याच त्याही पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकल्या, त्यामुळे घोटाळा आणखी पक्का झाला.

‘गहराई’ रामसे बंधूंचा, हा दुसरा समज. हिंदीत भुताचा सिनेमा म्हणजे रामसे, असं समीकरणच होऊन बसलंय. १९८० सालचा हा चित्रपट अरुणा राजे आणि विकास देसाई या जोडीचा, आणि त्याच्या लेखनात विजय तेंडुलकरांचाही सहभाग. यात पडका वाडा नाही. बंगळुरातलं एक सुशिक्षित घर आहे.

‘एक्सॉर्सिस्ट’ची नक्कल म्हणून ‘गहराई’ सर्रास निकालात काढला जातो, याचं मला खरंच वाईट वाटतं. झपाटलेली मुलगी दोन्हीकडे आहे, तो १९७३चा अमेरिकन चित्रपट आधीचाच. पण तिथे सैतान बाहेरून येतो. इथे बाप (डॉ. श्रीराम लागू) गावाकडची जमीन साबणाच्या कारखान्याला विकतो आणि त्याने दडवलेलं जुनं पाप शाळकरी मुलीच्या, उमाच्या तोंडून घरच्यांसमोर बोलू लागतं. जमीन, तिचा राखणदार आणि मालकाने केलेला अन्याय, ही गोष्ट आपल्याच मातीतली. अमरीश पुरींचा मांत्रिक तर त्या मुलीचाच घात करू पाहतो.

उमा झालेली पद्मिनी कोल्हापुरे तेव्हा चौदा-पंधरा वर्षांची होती. भिंती हलत नाहीत, रक्ताचे पाट वाहत नाहीत. बापाकडे रोखून पाहणारी पोरगी आहे, आणि भीती तिच्या डोळ्यांतून येते. इतक्या लहान वयात असं काम हिंदी भयपटात मी दुसरं पाहिलेलं नाही.

पद्मिनी ‘प्रेमरोग’ने (१९८२) आली असं मानणाऱ्यांनी ‘सत्यम् शिवम् सुंदरम्’मधली (१९७८) छोटी रूपा आठवावी. ‘इन्साफ का तराजू’साठी तिला सहायक अभिनेत्रीचं फिल्मफेअर मिळालं, तेही ‘प्रेमरोग’च्या आधी. मंगेशकरांशी तिचं नातं आहे ते आजीकडून. पद्मिनीची आजी मास्टर दीनानाथ मंगेशकरांची बहीण. आजोबा कृष्णराव कोल्हापुरे दीनानाथांबरोबर बलवंत संगीत मंडळी ही नाटक कंपनी उभारणाऱ्यांपैकी एक.

भयपटातलं काम कुणाची ओळख बनतं, कुणाचं विसरलं जातं. स्पेनची अभिनेत्री सोलेदाद मिरांडा हिने नृत्य, गाणी, विनोदी चित्रपट, सगळं केलं. १९७० मध्ये, सत्ताविसाव्या वर्षी, लिस्बनजवळच्या मोटार अपघातात ती गेली, आणि जगाने लक्षात ठेवले ते तिचे अखेरचे भयपट. पद्मिनीच्या बाबतीत उलट झालं. ‘प्रेमरोग’ची मनोरमा सगळ्यांना ठाऊक आहे, उमा मात्र भयपटांच्या चाहत्यांनीच जपून ठेवली आहे.