जमाखर्चाने राखलेले रँच

अमेरिकेच्या पश्चिमेची आपली ओळख सिनेमातली. रुंद काठाची टोपी, कमरेला पिस्तूल, धुळीचा लोट आणि त्यातून उधळत येणारी गुरे. ही गुरे कोणाची, त्यांना चारा कुठला, त्यांच्यात पैसा कोणाचा गुंतलेला, हे प्रश्न पडद्यावर कोणी विचारत नाही. त्यांची उत्तरे हवी असतील तर मोंटाना राज्यातल्या डिअर लॉज गावाला लागून असलेले ग्रँट-कोर्स रँच पाहावे. सुमारे दीड हजार एकरांचे हे रँच १९७२ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ ठरले. अमेरिकेची राष्ट्रीय उद्यान सेवा ते सांभाळते. इथे जुन्या वस्तूंचा संग्रह आहे आणि कुरणात चरणारी जिवंत गुरेही आहेत.

या रँचची सुरुवात झाली थकलेल्या बैलांपासून. १८५०च्या दशकात ऑरेगॉनच्या वाटेने स्थलांतरित कुटुंबांच्या गाड्या पश्चिमेकडे निघाल्या होत्या. शेकडो मैल चालून जनावरांचे खूर झिजत, बरगड्या वर येत. अशा तांड्यांना वाटेत जॉनी ग्रँट भेटे. तो एक धडधाकट जनावर देई आणि बदल्यात दोन थकलेली घेई. ती दोन्ही तो डोंगरांमधल्या खोऱ्यात चरायला सोडून देई. पुढच्या हंगामापर्यंत ती अंग धरत आणि पुन्हा एकास दोन या भावाने नव्या तांड्याकडे जात. गवत हेच भांडवल, आणि त्याला व्याज नव्हते.

ग्रँट हा फर कंपनीच्या अधिकाऱ्याचा मुलगा. आईकडून फ्रेंच आणि मूलनिवासी अशा मिश्र समाजातला. फ्रेंच आणि शोशोनी या दोन्ही भाषा तो बोले. क्वारा ही त्याची पत्नी मूलनिवासी होती, आणि तिच्या नातेसंबंधांमुळेच त्याला या मुलखात निर्धास्त वावरता आले. १८६२ मध्ये त्याने डिअर लॉज खोऱ्यात ओंडक्यांचे दुमजली घर बांधले आणि वर पांढऱ्या फळ्या ठोकल्या. त्याच साली दक्षिणेला बॅनॅक इथे सोने सापडले आणि हा मुलूख बदलून गेला. खाणकामगार आले, पाठोपाठ कर, कोर्टकज्जे आणि इंग्रजी कागदपत्रे आली. ग्रँटचा जीव रमेना. १८६६ मध्ये त्याने रँच १९,२०० डॉलरला विकले, आणि पुढे तो कॅनडातल्या मॅनिटोबाकडे निघून गेला.

विकत घेणारा होता कॉनरॅड कोर्स. १८३५ साली होल्स्टाइनमध्ये जन्मलेला हा माणूस सोन्याच्या शोधात आला आणि खाटकाच्या दुकानात नोकरीला लागला. पुढे बॅनॅकचा शेरीफ झालेल्या एका माणसावर गोळी झाडून दुकानाचा मालक पसार झाला आणि धंदा कोर्सच्या हाती आला. सोने कोणाला मिळेल ते सांगता येत नाही, पण मांस सगळ्यांनाच लागते, हे गणित त्याला लवकर उमगले. दुकानाला जनावरे कमी पडू नयेत म्हणून त्याने रँच घेतले. सावत्रभाऊ जॉन बीलेनबर्ग भागीदार झाला. १८६८ मध्ये कोर्सने ऑगस्टा क्रूझ या एकोणीस वर्षांच्या मुलीशी लग्न केले. मिसुरी नदीतून आगबोटीने आणि पुढे गाडीने ती या खोऱ्यात पोहोचली.

पुढच्या वीस वर्षांत कोर्स आणि बीलेनबर्ग यांची गुरे चार राज्यांत आणि कॅनडात मिळून सुमारे एक कोटी एकरांवर चरू लागली. ही जमीन त्यांच्या मालकीची नव्हती. सरकारी, कुंपण नसलेल्या मुलखात कळप सोडायचे, वसंतात सगळ्यांची गुरे एकत्र हाकून वासरांना डाग द्यायचे आणि शरदात विक्रीची जनावरे वेगळी काढायची, अशी ही पद्धत. कोर्सचा डाग ‘सीके’. वर्षाला आठ-दहा हजार जनावरे बाजारात जात, बहुतेक शिकागोला.

मात्र ती मोकळी जमीन मोकळी कशी झाली, हे मालकाच्या खात्यात नोंदवलेले नाही. १८८०च्या दशकाच्या सुरुवातीला रानरेड्यांचे कळप संपले होते. ज्या जमाती त्यांच्यावर जगत, त्या राखीव प्रदेशांत कोंडल्या गेल्या. १८८८ मध्ये उत्तर मोंटानातल्या ब्लॅकफीट आणि इतर जमातींकडून सुमारे पावणेदोन कोटी एकर जमीन सरकारने करार करून काढून घेतली. चराईच्या धंद्याचा सगळ्यात मोठा खर्च होता तो हा. तो भरला दुसऱ्यांनी.

फुकट गवताची दुसरी किंमत १८८६-८७च्या हिवाळ्यात चुकवावी लागली. उन्हाळा कोरडा गेला होता, कुरणांवर गुरे जास्त झाली होती आणि गंज्या रचून ठेवण्याची चाल फारशी नव्हती. बर्फ पडला, मध्येच थोडा वितळला आणि पुन्हा गोठला. वर आलेला बर्फाचा कडक थर गुरांना खुराने फोडता येईना, आणि त्याच्या खालच्या गवतापर्यंत तोंड पोहोचेना. वसंतात ओढ्यांच्या काठी सांगाडेच सांगाडे दिसले. अनेक मोठ्या कंपन्या बुडाल्या. कोर्स वाचला तो उधारीवर. ब्यूट या गावचा बँकर ए. जे. डेव्हिस याने त्याला एक लाख डॉलर तारण न घेता दिले, आणि त्याने ते फेडले. त्यानंतर त्याचा कल चारा साठवण्याकडे आणि जातिवंत शॉर्टहॉर्न-हेरफर्ड जनावरांकडे वाढला.

हे सगळे आज सांगता येते, कारण या घरात फारसे काही टाकून दिले गेले नाही. १८९० मध्ये कोर्सने ग्रँटच्या घराला मागे विटांची मोठी जोड दिली. नवे घर बांधायची ऐपत असूनही जुने पाडले नाही. पुढच्या पांढऱ्या लाकडी भागातून मागच्या भागात गेले की फरक डोळ्यांत भरतो. पुढे व्यापाऱ्याच्या जमान्याचे माफक छत, मागे श्रीमंतीतले प्रशस्त जेवणाचे दालन. तिथले सामान त्याच कुटुंबाचे आहे. शेजारी गडीमाणसांची बंकहाउस आहे. मालकाच्या घरात पॉलिश केलेले लाकूड, तर बंकहाउसमध्ये साधी बाकडी आणि लांब टेबल. या दोन्हींत अंतर आहे काही पावलांचे. ते चालून पाहिले की धंद्याची रचना वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सरकारने मोकळ्या जमिनी लहान शेतकऱ्यांना वाटल्या, कुंपणे आली आणि कोर्सने बहुतेक कारभार आवरता घेतला. १९२० मध्ये तो वारला, दोन वर्षांनी बीलेनबर्ग गेला. ऑगस्टा हेलेना शहरात राहायची, पण उन्हाळ्यात इथे येत राहिली. १९४५ मध्ये शहाण्णवाव्या वर्षी ती वारली, तोवर घराची मांडणी तिच्या इच्छेप्रमाणेच राहिली. नातू कॉनरॅड वॉरेन १९३२ पासून रँच पाहू लागला आणि १९४० मध्ये त्याने ते विकत घेतले. हेरफर्ड गुरे आणि बेल्जियन घोडे ही त्याची आवड. वारसा म्हणून सरकारच्या हाती देताना त्याने इमारतींबरोबर कागद, अवजारे, खोगिरे, गाड्या सगळेच सोपवले. जपणूक हा त्या घरात वेगळा उपक्रम कधीच नव्हता. उपयोगी पडेल म्हणून ठेवलेली वस्तू साठ वर्षांनी पुरावा झाली.

आता प्रश्न होता तो हे राखायचे कसे. गुरांशिवाय रँच म्हणजे रिकाम्या कोठारांची रांग. म्हणून इथे आजही गुरे पाळली जातात, गवत कापले जाते. वाळलेले गवत रचायचे यंत्र म्हणजे ‘बीव्हरस्लाइड’, मोंटानाच्याच बिग होल खोऱ्यात १९१०च्या सुमारास जन्मलेले. लाकडी खांबांची तिरपी उतरण, तीवरून वर सरकणारी मोठी जाळी. घोडे गवत ढकलत आणून जाळीत लोटतात. दुसऱ्या बाजूला घोड्यांची जोडी दोर ओढते, कप्पी फिरते, जाळी उतरण चढते आणि टोकाला पोहोचून गवत पलीकडे उलटते. माथ्यावर उभा असलेला माणूस ते दाताळ्याने सारखे करतो. गंजी नीट रचली तर पाणी वरूनच ओघळून जाते आणि आतला चारा कोरडा राहतो. १८८७च्या हिवाळ्यात जे कमी पडले होते, ते हे.

या कागदांची मर्यादाही इथेच ओळखता येते. खात्यात जनावरांची संख्या असते, नोकराचा पगार असतो, पण नोकर संध्याकाळी काय बोलायचा ते नसते. ग्रँटच्या आठवणी त्याने मागाहून आपल्या नंतरच्या पत्नीकडून लिहवून घेतल्या आणि त्या विसाव्या शतकाच्या अखेरीस पुस्तकरूपाने आल्या, म्हणून क्वाराबद्दल काही तरी कळते. तिने स्वतः सांगितलेले काही हाती नाही. मालकाच्या कुटुंबाचे संग्रहालय करताना ज्यांनी लिहिले नाही त्यांना जागा देणे, हे वस्तू झटकण्यापेक्षा अवघड काम आहे.

हिशेबाचे आणखी एक पान जमिनीवर आहे. रँचमधून क्लार्क फोर्क नदी वाहते. वरच्या अंगाला ब्यूटच्या तांब्याच्या खाणी आणि अ‍ॅनाकोंडाच्या तांबे गाळण्याच्या भट्ट्या. १९०८च्या महापुराने खाणींचा विषारी गाळ काठावर पसरला आणि गवत उगवेना असे उघडे पट्टे राहिले. खाणकामगारांना मांस विकून जे रँच मोठे झाले, त्याच्याच कुरणावर खाणीचा गाळ येऊन बसला. अलीकडच्या वर्षांत दूषित माती काढून काठावर नवी लागवड केली गेली. म्हणजे इथे जतन करायचे त्यात घर, वह्या आणि गुरांबरोबर नदीचा काठही आला.

गुराखी कुटुंबांच्या आठवणी मोठ्या करून सांगणे सोपे असते. वंशजांना ते आवडतेही. ग्रँट-कोर्स रँचचे वेगळेपण त्याच्या कोरडेपणात आहे. किती घेतले, किती विकले, कोणाकडून उसने आणले, कोणाच्या जमिनीवर चारले, याचा ताळा तिथे मांडता येतो. पराक्रमाची गोष्ट ऐकून माणूस खूश होऊन घरी जातो. हा ताळा मांडून पाहिला की त्याला पुढचा प्रश्न पडतो, आणि असे प्रश्न पडावेत यासाठीच हे रँच राखायला हवे.