रिपोर्ट घरी पोहोचेपर्यंत

बोटाच्या टोकावरून घेतलेलं वीस मायक्रोलिटर रक्त काचनळीतल्या द्रावणात सोडायचं, नळी हलवायची आणि पाच मिनिटं थांबायचं. मग नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरायचा. रेघा स्पष्ट दिसल्या तर चाचणी निगेटिव्ह. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या, तर रक्तात ‘एस’ हिमोग्लोबिन असण्याची दाट शक्यता. सिकलसेलच्या या सॉल्युबिलिटी चाचणीवर वैद्यकीय विद्यार्थ्यांचा हात लवकर बसतो.

अवघड भाग त्यानंतरचा. गढूळ नळीकडे बघून आई विचारते, पोरीला काय झालं? आणि त्या क्षणी नेमकं उत्तर नसतं, कारण मुलगी नुसती वाहक आहे की रुग्ण, हे या चाचणीतून कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही चाचणी लागते. म्हणजे नमुना प्रयोगशाळेत जाणार, रिपोर्ट नंतर येणार, आणि तो कुणीतरी त्या घरी नेऊन समजावून सांगणार. संशोधन करणारा विद्यार्थी पुढारपण घेतो म्हणजे काय, ते या शेवटच्या कामात दिसतं.

हा जंगलातला, आदिवासींचा आजार, असं शहरात अजून बोललं जातं. नागपूरच्या मनीषनगरात हा समज टिकू नये. वर्धा रोडलगतच्या या वस्तीत नोकरीसाठी, शिक्षणासाठी विदर्भाच्या जिल्ह्याजिल्ह्यांतून आलेली घरं आहेत, आणि जनुक माणसासोबत बदलीच्या गावीही येतो. विदर्भात सिकलसेल आदिवासींखेरीज इतर समाजांतही आहे. तज्ज्ञही दूर नाहीत: मेट्रोने खापरीपर्यंत गेलं की पुढे मिहानमध्ये एम्स आहे, शहरात १९४७ पासूनचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे ‘मेडिकल’ आहे. आजाराची नोंदही जुनीच: मध्य भारतातल्या सिकलसेलवर शुक्ला आणि सोलंकी यांचा लेख ‘लॅन्सेट’मध्ये आला तो १९५८ साली.

पदवीच्या विद्यार्थ्याला संशोधनाची पहिली संधी बहुतेकदा आयसीएमआरच्या अल्पकालीन विद्यार्थिवृत्तीतून मिळते. ही योजना १९७९ची. विषय ठरवायचा, मार्गदर्शक गाठायचा, एथिक्स कमिटीची परवानगी काढायची आणि दोन महिन्यांत काम उरकून अहवाल द्यायचा. शिस्त शिकायला दोन महिने पुरतात. माणसं कळायला पुरत नाहीत.

नागपूरच्याच मेडिकलमध्ये शिकलेल्या डॉ. अभय बंग यांना हे गडचिरोलीत उमगलं. १९८६ साली ‘सर्च’ ही संस्था सुरू केल्यावर त्यांनी आणि डॉ. राणी बंग यांनी सुरुवातीलाच सिकलसेलची पाहणी केली. आजार मोठ्या प्रमाणावर सापडला, पण लोक हलले नाहीत. तो प्रश्न लोकांनी मांडलेलाच नव्हता. नंतर बायकांच्या बोलण्यातून जे दुखणं पुढे आलं, त्यावरचा दोन गावांतल्या ६५० स्त्रियांचा अभ्यास १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला आणि ग्रामीण स्त्रियांच्या आरोग्याकडे जगाला बघावं लागलं. संशोधन करणाऱ्या प्रत्येक मुलामुलीने ही हकीकत पहिल्या आठवड्यात ऐकायला हवी.

आता १ जुलै २०२३ पासून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू आहे. ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७ पर्यंत आजार संपवायचा, असं उद्दिष्ट. तपासणीचा आकडा वाढेलही. पण ‘एएस पॅटर्न’, म्हणजे वाहक, असं लिहिलेलं कार्ड हातात पडलेल्या मुलीचं काय? वाहक असणं हा आजार नव्हे. नवरा-बायको दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के असते, म्हणून होणाऱ्या नवऱ्याचीही तपासणी तितकीच गरजेची. घरात मात्र ‘पोरीत दोष आहे’ एवढंच ऐकू जातं आणि कार्ड कपाटात लपतं.

ते बाहेर काढायला ओळखीचं माणूस लागतं. १९६९ साली सुरू झालेल्या सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयात पहिल्या वर्षाची मुलं गावात राहून शिबिर करतात, प्रत्येकाकडे काही कुटुंबं सोपवली जातात आणि शिबिर उठल्यावरही त्या घरी जाणं-येणं चालू राहतं. नागपूरच्या महाविद्यालयांनी अशीच घरं मनीषनगर-बेसा भागात, इथल्या सोसायट्यांमध्ये घ्यावीत. पहिल्या वर्षी रक्त तपासणाऱ्या विद्यार्थ्याने इंटर्नशिप संपेपर्यंत त्याच घराची बेल वाजवावी, आणि मुलाकडच्यांनाही तपासणीला घेऊन यावं.