मंद आवाजातील श्रवण आणि स्टिरिओ ॲम्प्लिफायरची निवड

लागणारी शक्ती

ॲम्प्लिफायरच्या खोक्यावर सर्वांत ठळक छापलेला असतो तो वॉटचा आकडा. मंद आवाजात ऐकणाऱ्याच्या दृष्टीने सर्वांत निरुपयोगी आकडाही तोच. घरगुती स्पीकरची संवेदनशीलता साधारण 87 डेसिबल असते. म्हणजे 1 वॉट शक्ती दिल्यास 1 मीटर अंतरावर 87 डेसिबल आवाज मिळतो. रात्री ऐकण्याची पातळी सामान्य संभाषणाइतकी, म्हणजे 60 डेसिबलच्या आसपास असते. प्रत्येक 10 डेसिबलला शक्ती दहापटीने बदलते, त्यामुळे 27 डेसिबल खाली येण्यासाठी 1 वॉटचा पाचशेवा भाग, अर्थात 2 मिलिवॉट पुरतात. तबल्याच्या थापेसारखे क्षणिक उच्चांक सरासरीच्या 20 डेसिबल वर गेले, तरी 0.2 वॉटच लागतो. ऐकणारा दोन-तीन मीटर लांब बसला तर थोडी भर घालावी लागते इतकेच. वीस आणि शंभर वॉटच्या ॲम्प्लिफायरमध्ये असलेला 7 डेसिबलचा फरक या पातळीवर कधी वापरलाच जात नाही.

कानाचा स्वभाव

खरी अडचण कानापाशी सुरू होते. 1933 मध्ये बेल प्रयोगशाळेतील हार्वे फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी समप्रबलतेचे वक्र मांडले. आज आयएसओ 226 हे मानक त्यांची सुधारित रूपे देते. आवाज मंदावला की कानाला खालचे स्वर मधल्या स्वरांपेक्षा फार लवकर ऐकू येईनासे होतात, हे या वक्रांचे सार. 1000 हर्ट्झचा स्वर 40 डेसिबलवर जितका जाणवतो, तितकाच 63 हर्ट्झचा स्वर जाणवण्यासाठी सुमारे 73 डेसिबल लागतात. 80 डेसिबलच्या पातळीवर मात्र हेच अंतर 33 वरून 18 वर येते. म्हणून सर्व स्वर सारखेच 40 डेसिबलने खाली आणले, की 63 हर्ट्झच्या पट्ट्यात सुमारे 15 डेसिबलची तूट पडते. काळी एकच्या तानपुऱ्यातील खर्जाची तार 69 हर्ट्झची. तिचे वरचे स्वरांश ऐकू येत राहतात, मूळ स्वर विरतो. डग्ग्याचा घुमाराही तसाच पातळ होतो. ‘आवाज कमी केला की गाण्यातला जीव जातो’ ही तक्रार बहुधा या तुटीचीच असते, आणि महागडा ॲम्प्लिफायर घेतल्याने ती आपोआप भरून निघत नाही.

लाउडनेस आणि बेस

ही तूट भरण्यासाठी जुन्या ॲम्प्लिफायरवर ‘लाउडनेस’ बटण असे. व्हॉल्यूमची कळ खाली असेल तेव्हा ते खालचे स्वर, आणि काही रचनांत वरचेही, उचलून देई. मात्र कळ कुठे आहे एवढेच त्याला कळते, खोलीत प्रत्यक्ष आवाज किती आहे हे कळत नाही. स्पीकर अधिक संवेदनशील असला किंवा स्रोताचा संकेत मोठा असला, तर हिशेब चुकतो आणि आवाज घुमू लागतो. बटणाची बदनामी झाली ती यामुळे. यामाहाच्या अनेक मॉडेलांवर आढळणारी बदलती लाउडनेस कळ हा अधिक समंजस उपाय आहे. आधी व्हॉल्यूम मोठ्या, नेहमीच्या पातळीवर ठेवायचा आणि तेथून खाली यायचे ते लाउडनेसच्या कळीने. ती मधले स्वर अधिक उतरवते, टोकाचे कमी. होम थिएटर रिसीव्हरमधील ऑडिसी डायनॅमिक इक्यू आणि आरएमईच्या एडीआय-2 या डॅकमधील (अंकीय संकेताचे ॲनालॉगमध्ये रूपांतर करणाऱ्या यंत्रातील) लाउडनेस सोय हेच काम अंकीय गणिताने करतात. यांपैकी काहीच नसेल तर साधी बेसची कळ पुष्कळ भागवते. या कळांना वगळणारे ‘डायरेक्ट’ बटण शुद्धतेचे लक्षण मानले जाते. मंद आवाजात ती शुद्धता तोट्याची ठरते.

व्हॉल्यूमची कळ

बहुतेक स्वस्त आणि मध्यम ॲम्प्लिफायरमध्ये डाव्या-उजव्या वाहिनीसाठी कार्बनच्या दोन पट्ट्या एकाच दांड्यावर बसवलेल्या असतात. फिरण्याच्या सुरुवातीच्या भागात त्यांचे रोध नेमके जुळत नाहीत. दोन-तीन डेसिबलचा फरक पडला तरी मध्यभागी ऐकू येणारा गायक एका बाजूला सरकतो. रिलेने निवडल्या जाणाऱ्या रोधकांची साखळी किंवा इलेक्ट्रॉनिक व्हॉल्यूम चिप यांत हा दोष जवळजवळ नसतो. मंद श्रवणासाठी जादा पैसे मोजायचे असतील, तर ते आधी येथे मोजावेत.

अतिरिक्त गेन

सीडी प्लेअर किंवा डॅक पूर्ण पातळीला सहसा 2 व्होल्ट देतो, तर अनेक ॲम्प्लिफायर 150 ते 200 मिलिव्होल्टलाच पूर्ण शक्ती गाठतात. गेनचे, म्हणजे संकेतवर्धनाचे, हे सुमारे 20 डेसिबलचे आधिक्य असल्याने कळ जरा हलली की आवाज मोठा होतो, आणि ऐकणे घडते ते पट्ट्या न जुळणाऱ्या भागातच. स्रोत आणि ॲम्प्लिफायर यांच्यामध्ये संकेत घटवणारा 10 किंवा 20 डेसिबलचा ॲटेन्युएटर जोडला की कळ वर, जुळणाऱ्या भागात येते. स्रोताचा अंकीय व्हॉल्यूम उतरवूनही हे साधते. प्रत्येक 6 डेसिबलला साधारण एक बिट खर्ची पडतो. 24 बिटांच्या साखळीत हा खर्च नगण्य आहे.

पार्श्वभूमीचा खरखराट

व्हॉल्यूमच्या कळीनंतर निर्माण होणारा गोंगाट कळ खाली केल्याने घटत नाही. माहितीपत्रकातील संकेत-गोंगाट गुणोत्तर बहुधा पूर्ण शक्तीला मोजलेले असते. 100 वॉटला 100 डेसिबल असलेले गुणोत्तर 2 मिलिवॉटला 53 वर येते. म्हणून 1 वॉटला मोजलेला आकडा किंवा उरलेल्या गोंगाटाचे व्होल्टेज पाहावे. 87 डेसिबलच्या स्पीकरवर 0.1 मिलिव्होल्टचा गोंगाट ऐकूच येत नाही. 1 मिलिव्होल्ट झाला तर 1 मीटरवर 18 डेसिबल होतो आणि शांत खोलीत जवळून कळतो. 100 डेसिबलच्या हॉर्न स्पीकरवर तोच 31 डेसिबल होतो.

क्लास ए, एबी, डी

क्लास एबीमध्ये लहरीचे धन आणि ऋण अर्धभाग वेगवेगळे ट्रान्झिस्टर सांभाळतात आणि सांध्यावर विकृती येऊ शकते. मंद संकेतात तिचा वाटा वाढतो, म्हणून ट्रान्झिस्टर कधीच बंद न होऊ देणारा क्लास ए घ्यावा, असा प्रचलित युक्तिवाद आहे. तो अर्धवट आहे. एबीमध्ये दोन्ही बाजूंतून थोडा स्थिर प्रवाह वाहतच असतो. तो 40 मिलिॲम्पिअर असला, तर 8 ओहमच्या स्पीकरमध्ये सुमारे 25 मिलिवॉटपर्यंत दोन्ही बाजू चालू राहतात, म्हणजे तेवढ्या टप्प्यात ते यंत्र क्लास ए प्रकारचेच असते. सरासरी मंद पातळी त्याच्या आतच बसते. क्लास ए मात्र गाणे वाजो न वाजो, भरपूर वीज घेऊन तापत राहतो. मुंबईच्या मे महिन्यात ही चैन जाणवते. ट्रान्झिस्टर वेगाने चालू-बंद करणारा क्लास डी वीज फार कमी खातो. त्याच्या आरंभीच्या रचनांवरचे विकृतीचे आक्षेप आजच्या चांगल्या रचनांना लागू नाहीत. खरखराटाचा आकडा तेवढा तपासावा.

ॲम्प्लिफायरच्या पलीकडे

भारतातील ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेची मर्यादा 45 डेसिबल आहे. पण बाहेर ती पाळली गेली, तरी पंखा चालू असलेल्या बंद खोलीत आलापाचे हळुवार भाग त्या घरघरीखाली झाकले जातात आणि कोणत्याही प्रतीचा ॲम्प्लिफायर ते बाहेर काढू शकत नाही. काही रिसीव्हरमधील ‘नाइट मोड’ लहान आवाज उचलून मोठे दाबतो. चित्रपटातील संवादांसाठी तो उपयोगी आहे, ख्यालासाठी नाही. स्पीकर भिंतीजवळ सरकवला तर खालचे स्वर काही डेसिबलने वाढतात. मोठ्या आवाजात हे घुमणे दोष ठरते; मंद आवाजात त्यातूनच तुटीचा काही भाग फुकट भरून निघतो.